प्रस्तावना: अव्यवस्थेत अडकलेले तरंग

सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचे सगळे स्वच्छ दिसते. अशाच पट्ट्यांची जाड चळत रचली, की ती आरशासारखी चमकू लागते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काच प्रकाश मुळीच शोषत नाही असे धरले, तर शंभर पट्ट्यांमधून पलीकडे किती पोचेल? जॉर्ज स्टोक्स यांनी १८६२ मध्ये अशा चळतीचा हिशेब किरण मानून मांडला होता. त्या रीतीने उत्तर येते सुमारे ११ टक्के. तोच हिशेब तरंग मानून केला, तर उत्तर दहा हजारांत तीन भागांच्याही खाली जाते. मायकेल बेरी आणि सुझान क्लाइन यांनी १९९७ मध्ये प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिक पानांची चळत घेऊन हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि त्यामागे स्थानबद्धता, म्हणजे अव्यवस्थेत तरंगाचे अडकून पडणे, आहे हे दाखवून दिले. या विषयात पाऊल टाकण्यासाठी याहून चांगला उंबरठा मला माहीत नाही.

दोन उत्तरांत एवढी तफावत का पडते, हे नीट पाहू. दोन पट्ट्यांच्या मध्ये तरंग मागेपुढे आपटत राहतो. एकूण पारगमन म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या पारगमनांचा गुणाकार, भागिले एक राशी; ही राशी तरंगाच्या कलेवर अवलंबून असते. पट्ट्यांमधली हवेची फट कुठे किंचित कमी, कुठे किंचित जास्त. तरंगलांबीच्या मानाने हा फरक मोठा, म्हणून कला कशीही पडते. आता त्या भाजकाचा लॉगॅरिदम घ्या आणि सर्व कलांवर सरासरी काढा. ती बरोबर शून्य येते. म्हणजे लॉगॅरिदमांची नुसती बेरीज होत जाते, आणि पारगमन पट्टीगणिक ठरावीक पटीने घटते. किरणांच्या हिशेबात प्रत्येक उसळीची तीव्रता आधीच बेरजेत धरलेली असते. कला तिथे हरवते आणि तिच्याबरोबर हा सगळा परिणामही.

फिलिप अँडरसन या विषयाकडे वळले ते इलेक्ट्रॉनच्या वाटेने. बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहेर फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनवर प्रयोग करत होते. तिथल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकून राहत. अँडरसन यांनी १९५८ च्या निबंधात दाखवले, की अव्यवस्था पुरेशी असेल तर इलेक्ट्रॉनचे विसरण मंदावत नाही, ते थांबतेच. निबंधाकडे सुरुवातीला फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९६१ मध्ये मॉट आणि ट्वोज यांनी एकमितीबद्दल त्याहून कडक विधान केले: तिथे अव्यवस्था कितीही क्षीण असो, प्रत्येक अवस्था स्थानबद्ध. १९७७ चे नोबेल अँडरसन, मॉट आणि व्हॅन व्लेक यांना विभागून मिळाले.

मितीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर परतीच्या वाटेत आहे. पोल्या यांनी १९२१ मध्ये सिद्ध केले, की एक किंवा दोन मितींत दिशाहीन भटकणारा आज ना उद्या मूळ जागी येतोच. त्रिमितीय घनजालकात ती शक्यता सुमारे ३४ टक्केच. तरंगाच्या बाबतीत भर अशी, की एकच वेढा उजवीकडून आणि डावीकडून घेतला तर दोन्ही वाटांची कला एकच राहते. दोन्ही आयाम जुळतात आणि परत येण्याची शक्यता दुप्पट होते. पातळ धातुथरावर चुंबकक्षेत्र लावले, की ही जुळणी मोडते आणि रोध चक्क कमी होतो. याच धाग्यावरून १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन यांनी प्रमाणन सिद्धान्त मांडला: द्विमितीतही, सामान्यतः, खरा धातू असत नाही.

'सामान्यतः' हा शब्द मी जपून वापरला आहे. ऑब्री आणि आंद्रे यांच्या १९८० च्या अर्धनियमित एकमितीय जालकात मुक्त अवस्थाही सापडतात. स्पिन आणि गती यांची जोडणी प्रबळ असली तर द्विमितीतला निष्कर्ष उलटू शकतो. क्वांटम हॉल परिणामाचे सपाट टप्पे तर अव्यवस्थेमुळेच रुंद होतात, मोजता येतात.

२००८ मध्ये स्थानबद्धता प्रत्यक्ष दिसली. पॅरिसजवळ पालेझो इथे आलँ आस्पे यांच्या गटाने रुबिडियमचे अतिशीत अणू लेसरच्या ठिपकेदार, अनियमित प्रकाशात एका अरुंद नळीसारख्या वाटेवर सोडले. अणूंचा ढग आधी पसरला, मग थबकला. त्याच्या दोन्ही कडा लॉगॅरिदमी आलेखावर सरळ रेषेत उतरत होत्या. फ्लॉरेन्सच्या गटाने पोटॅशियमवर, अर्धनियमित जालकात, त्याच सुमारास तेच साधले.

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की आधी एकमिती हाताने सोडवा. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सांचा गुणाकार येत असेल तर तयारी पुरेशी आहे. पारगमनाची सरासरी आणि त्याच्या लॉगॅरिदमची सरासरी वेगवेगळी काढा. क्वचित एखादा नमुना जवळजवळ पूर्ण पारदर्शक निघतो आणि पहिल्या सरासरीला भलतीकडे ओढतो. नेहमीचा नमुना कसा वागतो ते दुसरी सांगते.

पुढच्या प्रकरणांत कण एकमेकांशी बोलत नाहीत असे गृहीत धरले आहे. ते बोलू लागले तर? बास्को, अलाइनर आणि आल्टशुलर यांनी २००६ मध्ये दुर्बळ आंतरक्रियेतही स्थानबद्धता टिकू शकते असा युक्तिवाद केला. मोठ्या प्रणालीत, दीर्घ काळानंतरही ती टिकते का, यावर आजही जोरात वाद सुरू आहे, आणि त्यात नव्या माणसांना भरपूर जागा आहे.