फौजीच्या घरातली पदवी

1944 साली अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने कॉलेजात पाठवण्याचा कायदा केला. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात. विद्यापीठ म्हटले की हैदराबादचे उस्मानिया. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले 1950 मध्ये, लातूरला दयानंद 1961 मध्ये. त्याआधी गावाकडे परतलेल्या जवानाने पदवी घ्यायची तरी कुठे?

माझे वडील हवालदार म्हणून उदगीरला परतले. त्यांचे डिस्चार्ज बुक मेणकापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत असे. माझ्या प्रवेशाच्या वेळी ते काढून, पहिल्या एसटीने ते लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. दाखल्यावर शिक्का बसला आणि मी शिकले. ते मात्र बारावीवरच राहिले.

आपल्याकडे मदतीचा ओघ मुलांकडेच वळला. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासूनचा. त्या दिवशी सैनिकांसाठी जमणाऱ्या निधीतून हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत अनुदान मिळते. पुढे पंतप्रधान शिष्यवृत्ती आली. 2019 पासून ती मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये झाली. पण बारावीला 60 टक्के हवेत, शिवाय अभ्यासक्रम व्यावसायिकच हवा. साधे बी.ए. करणाऱ्या पोरीला ती नाही, हे मला अजिबात पटत नाही.

जवान ऐन चाळिशीत, कधी त्याआधीच निवृत्त होतो. नांदेडला 1994 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याच्या वर्गात मुलाइतकाच बापालाही फीशिवाय प्रवेश मिळाला पाहिजे.