नळ-टाकीच्या गणिताची कुळकथा

एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर? नाशिकमध्ये पोलीस भरती किंवा एमपीएससीची तयारी करणारी मुलं लसावि काढतात. टाकी १२ लिटरची धरली की पहिला नळ तासाला ३ लिटर देतो, दुसरा २, मिळून ५. बाराला पाचाने भागलं की २ तास २४ मिनिटं. ही क्लासमधली युक्ती वाटते, पण तिचं घराणं फार जुनं आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) नळांच्या जागी झरे आहेत. चार झरे एकच विहीर भरतात: पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा तिसऱ्या हिश्श्यात, चौथा सहाव्या हिश्श्यात. वेळांची बेरीज केली की फसलोच. आचार्य अपूर्णांक उलटे करायला सांगतात. दिवसभरात पहिला झरा १ विहीर भरेल, दुसरा २, तिसरा ३, चौथा ६, एकूण १२. म्हणजे एका विहिरीला दिवसाचा बारावा हिस्सा, बरोबर पाच घटका. लसाविची रीत हीच. फक्त त्यांनी विहीर १ धरली, आपण टाकी १२ धरतो.

हे उदाहरण त्यांनीच पहिल्यांदा घातलं असं मात्र नाही. चीनच्या ‘नऊ अध्याय’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात पाच पाट एक तळं भरतात. उत्तर दिवसाचे १५/७४.

‘तासाला किती’ हा दराचा हिशेब नाशिकला तर जुन्या सवयीचा. पांडवलेण्यातल्या दानकर्त्या उषवदाताच्या प्राचीन शिलालेखात पाण्याच्या पोढींचा (टाक्यांचा) उल्लेख आहे, आणि गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे ठेवलेल्या २००० कार्षापण नाण्यांवर दरमहा शेकडा १ व्याजही नोंदलं आहे. ठरावीक काळात किती, हाच तो प्रश्न.

‘लीलावती’ आपल्या मुलखात शिकवली जावी याची तजवीजही झाली होती. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा १२०७ सालचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. प्राच्यविद्येचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. नाशिकच्या गणितप्रेमींनी एकदा तरी पाटण्याला जावं.

आज मुलांना ‘गुणाकार भागिले बेरीज’ हे सूत्र आधी मिळतं. तिसरा नळ आला की ते कोलमडतं, कारण ते दोघांपुरतंच आहे. शिक्षकांना विनंती एवढीच, की सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी विचारा: एका तासात टाकी किती भरली?