मनोरुग्णांची शुश्रूषा : औषधाइतकाच माणसाचा आधार

मनोविकारांवरील उपचार म्हटले, की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे मनोविकारतज्ज्ञ, गोळ्या आणि विजेचे झटके एवढेच चित्र उभे राहते. प्रत्यक्षात आंतररुग्ण विभागात डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची असते. उरलेला दिवस आणि सारी रात्र रुग्ण परिचारिका व परिचारकांच्या सहवासात काढतो. तो जेवला का, झोपला का, गोळी गिळली की जिभेखाली दडवली, आज त्याच्या बोलण्यात निरवानिरवीची भाषा आली का, हे सर्वप्रथम त्यांच्याच ध्यानात येते. अन्य बहुतेक आजारांत शुश्रूषा उपचारांना पूरक असते. तीव्र मनोविकारांत परिचारिकेचे वागणे-बोलणे हाच उपचाराचा एक भाग ठरतो. मनोविकृती आणि व्यक्तिमत्त्व विकार या दोन गटांत याची प्रचिती विशेषत्वाने येते.

दोन भिन्न विकार

मनोविकृती, म्हणजेच सायकोसिस, या अवस्थेत रुग्णाचा वास्तवाशी असलेला धागा तुटतो. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे हा भास. कितीही पुरावे दिले तरी न ढळणारी चुकीची समजूत हा संभ्रम. विचारांची विस्कळीतता, अबोलपणा आणि स्वतःच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष हीही लक्षणे दिसतात. स्किझोफ्रेनिया हा यातील प्रमुख आजार असला, तरी उन्माद, तीव्र नैराश्य, अमली पदार्थांचे सेवन व काही शारीरिक आजारांतही मनोविकृती उद्भवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १.४ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया अथवा तत्सम मनोविकृतीने गाठलेले असते. निरनिराळ्या मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के असल्याचेही याच सर्वेक्षणात आढळले.

व्यक्तिमत्त्व विकाराचे स्वरूप वेगळे आहे. येथे रुग्णाचे वास्तवाचे भान बहुधा शाबूत असते. मात्र स्वतःकडे व इतरांकडे पाहण्याची, भावना हाताळण्याची आणि नाती जोडण्याची पद्धतच वर्षानुवर्षे त्रासदायक झालेली असते. यातील रुग्णालयात सर्वाधिक आढळणारा प्रकार 'बॉर्डरलाइन' या नावाने ओळखला जातो. सोडून दिले जाण्याची तीव्र भीती, क्षणात पालटणारी मनःस्थिती, आतून पोकळ वाटणे आणि स्वतःला इजा करून घेणे ही त्याची लक्षणे होत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात या विकारांचे बहुतेक जुने उपप्रकार बाजूला सारून सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रतवारी स्वीकारण्यात आली. 'बॉर्डरलाइन' घडणीचा उल्लेख मात्र कायम ठेवण्यात आला. तीव्र ताणाखाली अशा रुग्णांनाही काही काळ भास वा संशय ग्रासू शकतात. त्यामुळे दोन्ही विकारांच्या सीमारेषा वॉर्डात नेहमीच स्पष्ट नसतात.

वाद नको, होकारही नको

'जेवणात विष कालवले आहे' असे सांगणाऱ्या रुग्णाला नातेवाईक बहुधा दोन प्रकारे उत्तर देतात. एक तर त्याला खोटे ठरवतात, नाही तर वेळ मारून नेण्यासाठी 'हो, हो' म्हणतात. मनोविकार शुश्रूषेत दोन्ही मार्ग वर्ज्य आहेत. वाद घातल्याने समजूत अधिक घट्ट होते. होकार दिल्याने तिला साक्षीदार मिळतो. अनुभवी परिचारिका समजुतीवर न बोलता तिच्यामागील भीतीवर बोलते. 'मला यात विष आहे असे वाटत नाही. पण तुम्हाला तशी शंका येत असेल, तर घास उतरणार कसा, हे मी समजू शकते,' अशा शब्दांत ती स्वतःचे मत न लपवता रुग्णाची बाजू घेते. त्यानंतर केळे, न सोललेले उकडलेले अंडे किंवा बंद पुड्यातील बिस्किटे, म्हणजे ज्यात कोणी काही मिसळलेले नाही याची रुग्णाला स्वतः खात्री पटेल असे अन्न पुढे केले जाते.

आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णाला 'आवाज काय सांगतात?' हे थेट विचारावे लागते. तो आवाज स्वतःचे वा दुसऱ्याचे बरेवाईट करण्याची आज्ञा देत असेल, तर ती बाब तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घालणे आणि रुग्णावरील लक्ष वाढवणे क्रमप्राप्त ठरते. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो, हा समज निराधार आहे. स्किझोफ्रेनियाच्या सुमारे ५ टक्के रुग्णांचा अंत आत्महत्येने होतो, हे पाहता न विचारणे हाच मोठा धोका आहे.

संभाषणाची रीतही ठरलेली असते. वाक्ये छोटी, आवाज सौम्य, एका वेळी एकच सूचना. समोर एकदम उभे ठाकायचे नाही, पाठीमागून स्पर्श करायचा नाही, रुग्णाची दाराकडे जाण्याची वाट अडवायची नाही. संशयग्रस्त रुग्णासमोर दोन परिचारिकांनी आपसांत कुजबुजणे हीसुद्धा चूक समजली जाते.

गोळी दिल्यानंतर

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकृतीवर उपयोग झाल्यापासून मनोरुग्णालयांचे स्वरूप पालटले. मात्र औषध देणे म्हणजे ते गोळ्यांच्या वाटीत ठेवणे नव्हे. या गटातील औषधांनी एकाएकी मान वाकडी होणे, डोळे वर चढणे, हात थरथरणे असे परिणाम होऊ शकतात. पायांत अस्वस्थता येऊन रुग्ण एका जागी बसू शकत नाही, तेव्हा आजार वाढला असा गैरसमज होऊन औषधाची मात्रा आणखी वाढवली जाण्याचा संभव असतो. येथे परिचारिकेचे निरीक्षण निर्णायक ठरते. तीव्र ताप आणि अंग ताठरणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास प्राणावर बेतू शकते. क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींची तपासणी ठरल्या वेळी व्हावीच लागते, आणि त्याच्या बद्धकोष्ठाकडेही काणाडोळा करून चालत नाही.

वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची नोंद हाही शुश्रूषेचाच भाग आहे. तीव्र मनोविकार असलेल्यांचे आयुष्य इतरांच्या तुलनेत १० ते २० वर्षांनी घटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचे मोठे कारण हृदयविकार, मधुमेह यांसारखे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार हे आहे. 'छातीत दुखते' ही मनोरुग्णाची तक्रार मनाचे खेळ म्हणून सोडून दिली जाऊ नये, हे पाहणे परिचारिकेच्या हाती असते.

'चांगली सिस्टर, वाईट सिस्टर'

व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णाची शुश्रूषा वेगळ्या अर्थाने कठीण असते. सकाळच्या पाळीतील सिस्टर त्याला देवमाणूस वाटते, दुपारच्या पाळीतील शत्रू. पहिली त्याच्यासाठी नियम वाकवते, दुसरी अधिक कठोर होते, आणि काही दिवसांत साऱ्या वॉर्डाची दोन गटांत विभागणी होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही प्रक्रिया उलगडून दाखवली. त्यातील एक निष्कर्ष आजही अंतर्मुख करतो. झोपेचे औषध रुग्णाची गरज म्हणून दिले जाते, असे परिचारिकांना वाटत होते. परंतु मोकळेपणाने चर्चा झाल्यावर आढळले, की परिचारिकेची स्वतःची सहनशक्ती संपली, चिंता, राग वा हतबलता अनावर झाली, की ते औषध दिले जाई.

म्हणूनच या रुग्णांच्या बाबतीत सर्व पाळ्यांसाठी एकच लेखी शुश्रूषा आराखडा आवश्यक मानला जातो. काय चालेल, काय चालणार नाही, हे रुग्णाशी बोलून आधी ठरवायचे आणि प्रत्येकीने तेच पाळायचे. मर्यादा घालायची ती शांतपणे. शिक्षा म्हणून नव्हे. दिलेला शब्द पाळायचा आणि पाळता न येणारा शब्द द्यायचाच नाही. परिचारिका रजेवर जाणार असेल तर ते रुग्णाला आधी सांगायचे, कारण न सांगता जाणे त्याला सोडून देण्यासारखे वाटते. हातावर ब्लेडने वार करून घेतलेल्या मुलीच्या जखमेची मलमपट्टी त्रागा न करता, उपदेश न करता करायची आणि त्याआधी काय घडले होते, हे तिच्याकडून समजून घ्यायचे. 'लक्ष वेधण्यासाठी केले' हा शेरा केसपेपरवर लिहिणे सोपे असते. पण त्याने तिची वेदना नोंदली जात नाही आणि धोका नजरेआड होतो.

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत. मुख्य भर मानसोपचारावर असावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी'चा उपयोग स्वतःला इजा करण्याच्या प्रवृत्तीवर होतो, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात दाखल होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीर केले. दीर्घकालीन पाहण्यांतून बहुतेक रुग्णांची तीव्र लक्षणे कालांतराने ओसरत असल्याचेही दिसले आहे. 'हे कधी सुधारत नाहीत' ही वॉर्डातील जुनी समजूत आता टिकणारी नाही.

बांधून ठेवण्याविषयी कायदा

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास संपूर्ण मनाई केली. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. रुग्णाला एकांतात कोंडणेही त्यान्वये निषिद्ध आहे. रुग्णाला वा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा अन्य उपायच नसेल, तरच आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने त्याला बांधता येते. त्याचे कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद करावी लागते व रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

हे शेवटचे कलम कागदावर जितके स्वच्छ आहे, तितकेच रात्रपाळीत पाळण्यास अवघड आहे. मोठ्या वॉर्डात एकटी परिचारिका असेल, तर प्रक्षुब्ध रुग्णाजवळ अर्धा तास बसून त्याला शांत करणे तिला इच्छा असूनही शक्य होत नाही. तरीही मनुष्यबळाबरोबर पद्धतही महत्त्वाची असते, हे ब्रिटनमधील 'सेफवॉर्ड्स' प्रयोगाने दाखवले. ३१ वॉर्डांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सौम्य भाषा, परस्परांची ओळख, अपेक्षांबाबत स्पष्टता आणि वाईट बातमी सांगताना घ्यायची काळजी अशा साध्या उपायांनी संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी, तर बांधणे वा सक्तीची औषधे देणे यांसारखे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी घटले.

प्रशिक्षणाचा प्रश्न

परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन, हा विचार अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. भारतात मनोविकार शुश्रूषेचे विशेष शिक्षण बंगळुरूच्या 'निम्हान्स'सह अनेक संस्थांत मिळते आणि सर्वसाधारण नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही हा विषय आहे. परंतु २०१७ च्या कायद्यातील व्याख्येनुसार सर्वसाधारण नर्सिंगची पदविका वा पदवीधारकही 'मानसिक आरोग्य परिचारिका' ठरते. म्हणजे विशेष प्रशिक्षणाची सक्ती नाही. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये असोत की गोव्यातील बांबोळीची संस्था, या कामाचे कौशल्य बरेचसे अनुभवी सिस्टरकडून नव्या मुलीकडे, पाळी बदलताना होणाऱ्या बोलण्यातूनच पोहोचते. ते बोलणे घाईत उरकले, तर रुग्णाची हकिगतच नव्हे, शुश्रूषेची परंपराही तुटते.

घराचा उंबरठा

रुग्णालयातून सुटी मिळणे हा उपचारांचा शेवट नव्हे. रोज गोळी घेणे न जमणाऱ्यांसाठी काही आठवड्यांनी एकदा घेण्याची दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत. घरातील सततच्या टीकेने आजार उलटण्याचा संभव वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. सातारा, गोवा व तमिळनाडू येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयीन उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड दिल्यास लक्षणे व अपंगत्व काही प्रमाणात अधिक घटते, असे आढळले. घरी नेण्यास कोणी येत नाही, केवळ या कारणास्तव बरा झालेला रुग्ण मनोरुग्णालयात राहू नये, अशीही तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे. ती प्रत्यक्षात येणे मात्र कुटुंबाच्या आणि समाजाच्या तयारीवर अवलंबून आहे. वॉर्डात महिनोन्महिने घेतलेल्या कष्टांचे चीज होते की नाही, हे त्या उंबरठ्यावरच ठरते.

नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावे

* रुग्णाच्या संभ्रमावर वाद घालू नये; त्याच्या भीतीची दखल घ्यावी.
* डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. दुष्परिणाम जाणवल्यास तारखेसह लिहून ठेवावेत.
* झोप उडणे, संशय वाढणे, माणसे टाळणे ही आजार उलटण्याची सुरुवातीची चिन्हे असू शकतात.
* आत्महत्येची भाषा धमकी समजून दुर्लक्षित करू नये. रुग्णाला एकटे सोडू नये व त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.
* केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून, तिचा क्रमांक १४४१६ आहे.