व्यायल्यानंतर लाल लघवी : गाई-म्हशींच्या रक्तातील स्फुरदाची कमतरता

जास्त दूध देणारी गाय किंवा म्हैस व्यायल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत कॉफीच्या रंगाची लघवी करू लागली, की अनेक ठिकाणी ‘अंगात उष्णता झाली’ असे समजून थंड उपचार सुरू होतात. या आजारात ही वाट पाहणे महागात पडते. उपचार न मिळाल्यास जनावर तीन ते पाच दिवसांत दगावू शकते. म्हशींमध्ये हा त्रास गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यातही दिसतो. साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या वेतातील जनावरांना धोका अधिक असतो.

लघवी लाल का होते?

रक्तातील तांबड्या पेशींना ऊर्जा तयार करण्यासाठी स्फुरद लागते. प्रौढ जनावराच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारण ४ ते ७ मिलिग्रॅम प्रति १०० मिलि असते. ते फार खाली गेले की पेशींची ऊर्जा संपते, त्यांची लवचिकता जाते आणि त्या रक्तवाहिन्यांतच फुटतात. त्यातील हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे लाल रंग हा शरीरातील रक्त वेगाने कमी होत असल्याची खूण आहे.

कमतरता का येते?

- दूध : एक लिटर दुधातून सुमारे एक ग्रॅम स्फुरद जाते. रोज १२ लिटर दूध म्हणजे १२ ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर.
- वाळलेला चारा : एक किलो कडबा किंवा भाताच्या पेंढ्यात जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास स्फुरद असते. उसाच्या वाढ्यातही ते कमीच असते.
- जमीन : चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणि कोकणातील जांभ्या जमिनीत स्फुरद मातीत बांधले जाते. पिकाला ते कमी मिळाले की चाऱ्यातही कमी उतरते.
- एकाच प्रकारचा चारा : बरसीम, लसूण घासात कॅल्शियम भरपूर, पण त्या मानाने स्फुरद कमी असते. कोबी, फ्लॉवर, मोहरीची पाने जास्त खाऊ घातल्यास त्यांतील घटकांमुळेही तांबड्या पेशी फुटतात.
- खाणे कमी होणे : व्यायच्या सुमारास जनावर कमी खाते आणि त्याच वेळी चिकासाठी स्फुरदाची गरज वाढते.

लक्षणे

लघवी लाल होण्याआधीच जनावर इशारा देते. माती, चिंध्या, चपला, हाडे चघळणे, भूक मंदावणे, दूध घटणे, उशिरा माजावर येणे, अडखळत चालणे ही कमतरतेची लक्षणे असू शकतात. हाडे चघळण्याची सवय दुहेरी धोक्याची आहे. मेलेल्या जनावराच्या हाडांतून बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

आजार बळावल्यावर डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा पांढरी, पुढे पिवळसर पडते. श्वास आणि हृदयाचे ठोके वाढतात, शेण कडक होते, जनावर उठू शकत नाही.

दुसरे आजार कसे वेगळे ओळखाल?

लघवी काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ न हलवता ठेवा. तळाशी लाल गाळ बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, तर मूत्रमार्गातून रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. सगळी लघवी सारखीच लाल-काळी राहिली, तर पेशी फुटत आहेत असे समजा. अंगावर गोचीड आणि १०४ अंशांवर ताप असेल, तर गोचीड तापाचा (बबेसिया) संशय घ्या. स्फुरदाच्या कमतरतेत सहसा तीव्र ताप नसतो. तरीही नक्की निदान रक्त तपासणीनेच होते. विस्तार कार्यकर्त्यांनी रक्ताचा नमुना उपचारापूर्वी घेतला जाईल, हे पाहावे.

उपचार

त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. मोठ्या जनावरासाठी ते सहसा ६० ग्रॅम सोडियम ॲसिड फॉस्फेट ३०० मिलि शुद्ध निर्जंतुक पाण्यातून शिरेवाटे देतात. पुढील मात्रा त्वचेखाली व तोंडावाटे दिल्या जातात. रक्त फार कमी झाले असल्यास निरोगी जनावराचे रक्त द्यावे लागते.

बसलेल्या जनावराला सर्रास कॅल्शियमची बाटली लावली जाते. कॅल्शियम दिल्यावरही जनावर उठले नाही, तर स्फुरदाची कमतरता तपासायला सांगा. दोन्ही औषधे एका बाटलीत मिसळू नयेत, त्यांचा साका होतो.

प्रतिबंध

- गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांपासून खुराकात गव्हाचा किंवा भाताचा कोंडा ठेवा. एक किलो गव्हाच्या कोंड्यात सुमारे १० ग्रॅम स्फुरद असते आणि कोठीपोटातील जिवाणूंमुळे गाई-म्हशींना ते चांगले वापरता येते.
- सरकी पेंडही स्फुरदाचा चांगला स्रोत आहे.
- दररोज सुमारे ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्या. पिशवीवर स्फुरदाचे प्रमाण वाचून घ्या. नुसत्या पातळ कॅल्शियममुळे स्फुरदाची गरज भागत नाही.
- शेतातले सुपर फॉस्फेट खत जनावराला कधीही चारू नका. त्यातील फ्लोरीन दात व हाडांना घातक आहे.
- एका जनावरात आजार दिसला, तर तोच चारा खाणाऱ्या इतर गाभण व दुभत्या जनावरांचा आहारही लगेच दुरुस्त करा.