डोक्यावरच्या दिव्याचे कुळ

सह्याद्रीतल्या रात्रीच्या वाटा तुडविणाऱ्या गिर्यारोहकाच्या पडशीत, आणि वीज रात्रीच्याच पाळीत मिळते म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या कपाळावर, जो पट्ट्याचा दिवा आज सर्रास दिसतो, त्याचे कुळ शोधीत मागे गेले असता ते खाणीच्या तळाशी जाऊन पोहोचते. आणि तेथला त्याचा मूळपुरुष मजुराच्या स्वतःच्या हातांनी घडलेला आढळतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील कथिल आणि तांब्याच्या खाणींत, कामगार राळेने कडक केलेली नमद्याची टोपी घालीत, तिच्यावर ओल्या मातीचा गोळा थापीत आणि त्या गोळ्यात मेणबत्ती रोवून खाली उतरत. मेणबत्त्यांचा खर्चही बहुधा त्यांच्याच मजुरीतून वळता होई. कोळशाच्या खाणीत हा उघडा दिवा चालणे शक्य नव्हते, कारण तेथे साचणारा मिथेन पेट घेई. हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवून त्यावर तोड काढली खरी, परंतु तो दिवा हातात धरावयाचा असल्याने मोकळे झालेले हात पुन्हा अडकले. ज्या खाणींत वायूचे भय नव्हते तेथे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, चहाच्या किटलीसारखा आणि तोटीत वात असलेला तेलाचा दिवा स्कॉटलंडमधून आला. तो आकड्याने टोपीला अडकवीत. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत टॉमस विल्सनला, दुसरेच काही करावयास जाता, कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनविण्याची कृती सापडली, आणि त्याच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पाडून निघणाऱ्या ॲसिटिलीनची शुभ्र ज्योत टोप्यांवर तशीच सायकलींवरही पेटू लागली.

आपल्याकडे वरातीत माणसे डोक्यावर गॅसबत्त्या वाहात, हे येथे आठवल्यावाचून राहात नाही; मात्र तो उजेड वाहणाऱ्यासाठी नव्हता, मागून येणाऱ्या नवरदेवासाठी होता. ज्याच्या मस्तकी दिवा त्याच्याच कामी उजेड, हा मान खाणकामगाराच्या दिव्याचा.

विजेने ह्या कुळाची स्थिती पालटली. १९१४-१५ च्या सुमारास एडिसनने आपली संचायक बॅटरी खाणीत आणली: जड पेटी कमरेला, तिच्यातून निघालेली तार पाठीवरून टोपीपर्यंत आणि टोपीवर काचेआड लहानसा बल्ब. पाळी संपली की दिवा स्वतंत्र खोलीत जमा व्हावयाचा, तेथे तो पुन्हा विद्युत्‌भारित व्हावयाचा, आणि कोणत्या क्रमांकाचा दिवा परत आला नाही यावरून कोण खाली राहिला ते दप्तरावरून कळावयाचे. मजुराचा दिवा अशा रीतीने मालकाच्या जमाखर्चात दाखल झाला. त्याबद्दल मी हळहळ व्यक्त करणार नाही, कारण त्या नोंदीचे मोल जिवाच्या मोलाएवढे होते. परंतु दिवा घरी करण्याची विद्या तेवढ्या काळापुरती लुप्त झाली, हेही खरे. ग्रेनोबलजवळच्या गुहा धुंडाळणाऱ्या फेर्नां पेत्झलने १९७० नंतरच्या दशकात बॅटरीसह सगळा दिवा लवचिक पट्ट्यावर चढवून डोक्यावर आणला, तरी तारेचा बल्ब सेल भराभर खाई, आणि सेलांचे ओझे मानेला जाणवे.

हे ओझे उतरविले ते एलईडीने. निक होलोन्याकने १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी दाखविला. निळा हाती यावयास तीस वर्षे लोटली, आणि जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तो तेजस्वी करून दाखविल्यावर, त्याच्यावर पिवळ्या प्रकाशाचे फॉस्फर चढवून १९९६ मध्ये त्याच कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. दोन सेलांच्या विजेरीचा बल्ब जेथे ०.३ अँपिअर घेई, तेथे हा मटाराएवढा मणी ०.०२ अँपिअरवर उजळतो. त्याला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन सेलांचे ४.५ व्होल्ट थेट जोडले तर प्रवाह आवरत नाही आणि मणी जळतो, म्हणून मध्ये ६८ ओहमचा रोधक घालावयाचा. एवढ्या सामग्रीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ फारसे मोल पडत नाही. कथलाचे चार डाग देता आले, जुन्या डबीचे झाकण आणि शिवणाच्या डब्यातली इलॅस्टिकची पट्टी मिळाली, की कपाळदिवा सिद्ध होतो, फक्त सेल डोक्याच्या मागील बाजूस बांधावेत, म्हणजे तोल राहतो.

काटकसरी लोक याहून पुढे गेले. १९९९ मध्ये एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात झेड. कापर्निक यांनी एकाच ट्रान्झिस्टरची जी जोडणी छापली, आणि जी पुढे ‘ज्यूल थीफ’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात फेराइटच्या कड्यावरील दोन वेटोळी प्रवाहाची क्षणोक्षणी उघडझाप करून विद्युत्‌दाब वाढवितात. त्यामुळे घड्याळाने टाकून दिलेला, एक व्होल्टच्याही खाली उतरलेला सेल ह्या दिव्याला पुरतो.

ह्या घरगुती वंशजाला आपल्या मूळ घरी मात्र प्रवेश नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळशाच्या खाणींतही आज टोपीवर एलईडीच आहे. पण भूमिगत खाणीत नेण्याच्या दिव्याला धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची मान्यता लागते, आणि सैल जोडणीतून उडणारी एखादी ठिणगी मिथेनला पुरेशी असल्यामुळे ह्या बाबतीत सरकारी हुकूम कडक आहे, तो तसाच असावयास हवा.