स्मृतिफलक आणि इतिहासाचा पुरावा

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने 'ब्लूज' या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताच्या स्मरणार्थ मार्गांच्या कडेस फलक उभारण्याचा उपक्रम हाती घेतला. पहिला फलक डिसेंबर २००६ मध्ये हॉली रिज येथे, गायक चार्ली पॅटन (मृत्यू १९३४) याच्या दफनस्थळी लागला. आज त्यांची संख्या दोनशेंवर आहे. तथापि फलक म्हणजे प्रमाण नव्हे. टटवायलर येथील फलक ज्या प्रसंगाचे स्मरण करून देतो, त्याचा आधार एकच आहे. डब्ल्यू. सी. हँडी याने १९०३ च्या सुमारास तेथील रेल्वेस्थानकावर सुरी तारांवर दाबून गिटार वाजविणारा एक वादक ऐकला व ती हकीकत १९४१ च्या आत्मचरित्रात नोंदविली. प्रसंग आणि नोंद यांत सुमारे ३८ वर्षांचे अंतर पडले. वादकाचे नावही उरले नाही. रॉबर्ट जॉन्सन (मृत्यू १९३८) याच्या नावाच्या समाधिशिला तर ग्रीनवुडच्या परिसरात तीन ठिकाणी आहेत.

मग या फलकांचे मूल्य कशात? ज्या राज्याने १८९० च्या घटनेद्वारे कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारतः हिरावून घेतला, तेच आज त्यांची नावे राजमार्गावर मिरविते. फलक हा भूतकाळाचा दुय्यम, परंतु तो उभारणाऱ्या काळाचा अस्सल पुरावा होय.