रोगट शेतातील उभा कोबी

रोगाने पीक बसले की आपण काय करतो? नशिबाला बोल लावून शेतावर नांगर फिरवतो. पण अशाच एका बसलेल्या शेतातून नवा वाण कसा निघाला, ते पाहा.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९१० च्या सुमारास कोबी पिवळा पडून मरू लागला. बुरशी मुळांवाटे शिरे. ती मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे पिकाची फेरपालट करूनही सुटका होईना.

तेव्हा एल. आर. जोन्स या प्राध्यापकांनी मेलेली रोपे सोडून जगलेली पाहिली. उजाड शेतातही थोडे गड्डे धडधाकट उभे होते. ते त्यांनी हिवाळाभर जपले आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे बी धरले. आता खरी गंमत ऐका. एखादे रोप नुसत्या योगायोगानेही वाचते! म्हणून त्या बियांची रोपे त्यांनी मुद्दाम रोगट जमिनीतच लावली. तिथेही टिकली, तीच निवडली. त्यातून ‘विस्कॉन्सिन हॉलंडर’ हा वाण निघाला आणि कोबीची शेती सावरली.

कोबीवर्गात पानांवरच्या ठिपक्यांसारख्या रोगांना तोंड देणारे वाण शोधतात, तेही रोगाच्या तोंडी देऊनच. सोन्याची पारख आगीत, तशी बियाण्याची रोगट मातीत. गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा.